चाळीस मैलांवरचं मैदान

कॅरीमध्ये सॉकर म्हणजे क्लबची फी, ब्रँडेड किट आणि आईची एसयूव्ही. तिथून पाऊण तासावरच्या सायलर सिटीत सॉकर म्हणजे चिकनच्या कारखान्यातली शिफ्ट संपल्यावर जो काही उजेड उरेल, तेवढा वेळ. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शनिवारची ही गोष्ट...

शनिवारी सकाळी साडेसहाला मला कुणी उठवलं, तर मी त्या माणसाशी दुपारपर्यंत बोलत नाही. पण ताईच्या घरी हे लाड चालत नाहीत. ताई म्हणजे माझी मामेबहीण. लेक तीन वर्षांची असताना जिजूंच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्यातलं बिऱ्हाड गुंडाळून ती अमेरिकेत गेली, ती थेट नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला. दर शनिवारी सकाळी तिच्या घरात युद्धपातळीवर तयारी सुरू असते. ‘‘शिन-गार्ड कुठेत? बाटली भरलीस का? केस घट्ट बांध, मागच्या वेळी मॅचमध्ये सुटले होते!’’ कारण अकरा वर्षांच्या आमच्या भाचीबाईंची सॉकरची मॅच असते.

सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. पहिल्याच दिवशी मी चुकून ‘फुटबॉल’ म्हणाले, तर भाचीने ‘मावशी, प्लीज!’ असा चेहरा केला होता.

कॅरी हे रॅलेला चिकटून असलेलं शहर. शेजारच्या रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या कंपन्यांमुळे इथे एवढे भारतीय आहेत, की ग्रोसरीच्या दुकानात थालीपिठाची भाजणी सहज मिळते. बाजूच्या मॉरिसव्हिलमध्ये तर क्रिकेटचं चांगलं स्टेडियमही आहे. पण मुलांचा खेळ म्हणाल, तर सॉकर. गालिच्यासारखी हिरवी मैदानं, पांढऱ्याशुभ्र रेषा, घडीच्या खुर्च्या, हातात लाटे. मी मैदानाकडे बघत होते आणि ताई खर्च सांगत होती. क्लबची फी, दोन युनिफॉर्म, दुसऱ्या शहरांतल्या टूर्नामेंट, तिथली हॉटेलं, पेट्रोल. ‘‘सगळं धरून वर्षाला तीन हजार डॉलरच्या वर जातं गं. आणि ही अजून टॉप टीममध्ये नाहीये!’’

मैदानावर गोरी मुलं होती, भारतीय होती, चिनी होती. मनात आलं ते मी विचारलं. ज्या लोकांच्या रक्तात हा खेळ आहे असं सगळं जग म्हणतं, ती मेक्सिकन, ग्वाटेमालन मुलं कुठायत? शेजारच्या खुर्चीतले एक गोरे आजोबा हसले आणि म्हणाले, ‘‘ते बघायचं तर सायलर सिटीला जा.’’

लंच झाल्यावर आम्ही निघालो. ताई, भाची आणि मी.

हायवे ६४ वरून पश्चिमेला

कॅरीहून यूएस ६४ पकडला की एपेक्स मागे पडतं आणि मग अचानक जॉर्डन लेक येतं. पुलाच्या दोन्ही बाजूंना पाणी, काठाला पाइनची दाट झाडी. इथवर वीकएंडला बोटी घेऊन येणारी मंडळी दिसतात. हॉ नदी ओलांडली की पिट्सबरो. रस्त्याच्या ऐन मध्यावर जुनं कोर्टहाउस आणि त्याला वळसा घालून जाणारी वाहनं. अँटिक्सची दुकानं, कॉफीची दुकानं. चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, लेखक, ऑरगॅनिक शेती करणारे लोक, असा सगळा इथला माहोल.

तिथून पुढे मात्र चित्र बदलतं. लांबलचक, बुटक्या शेड दिसायला लागतात. एकापुढे एक, खिडक्यांऐवजी मोठाले पंखे. ‘‘कोंबड्या,’’ ताई म्हणाली. काच खाली करायची गरज नव्हती, वास आत आलाच होता.

सायलर सिटी. नावात सिटी, वस्ती जेमतेम आठ हजारांच्या आतबाहेर. लाल विटांच्या दुमजली इमारती, मधून गेलेली रेल्वेलाइन, अर्धी बंद दुकानं. जुन्या अमेरिकन सिनेमातलं गाव वाटावं असं. आणि खरंच, अमेरिकेच्या एका फार लाडक्या टीव्ही मालिकेशी या गावाचं नातं आहे. १९६० ते १९६८ या काळात गाजलेल्या ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधली ‘आंट बी’, म्हणजे फ्रान्सिस बेव्हिअर ही अभिनेत्री, निवृत्तीनंतर शांत आयुष्य शोधत इथे येऊन राहिली. १९८९ मध्ये इथेच वारली. ओकवुड कब्रस्तानातल्या तिच्या थडग्यावर खऱ्या नावाबरोबर ‘आंट बी’ असंही कोरलेलं आहे. सगळे एकमेकांना ओळखतात, शेरीफला बंदूक वापरायची वेळच येत नाही, असं ते मालिकेतलं काल्पनिक गाव. अमेरिकेचं गोड, गोरं, हरवलेलं स्वप्न!

आणि त्याच गावात आज बेकरीच्या काचेवर स्पॅनिशमध्ये पाट्या आहेत. आत शिंपल्याच्या नक्षीचे गोड पाव, ‘कोंचा’, हवे तेवढे चिमट्याने ट्रेमध्ये घ्यायचे. भाचीने चार घेतले. माझं स्पॅनिश ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’ या दोन शब्दांत संपतं, पण पावाच्या दुकानात तेवढं पुरतं.

कोंबडीने आणलेली माणसं

ही मंडळी इथे आली कशी? उत्तर त्या शेडमध्ये आहे.

एके काळी या गावात खुर्च्यांचे कारखाने होते, कापडाच्या गिरण्या होत्या. जोडीला पोल्ट्री. १९९० च्या दशकात अमेरिकेत चिकन तुफान खपायला लागलं. अख्खी कोंबडी घरी नेऊन कापण्यापेक्षा बोनलेस तुकडे हवेत, नगेट्स हवेत. मग कापणारे हात हवेत. काम थंडगार हॉलमधलं, ओलं, तासन् तास उभं राहून एकच हालचाल करायचं. सरकारी नियमानुसार लाइनचा वेग मिनिटाला १४० कोंबड्यांपर्यंत असू शकतो, आणि काही कारखान्यांना खास परवानगीने १७५. गावातली जुनी माणसं या कामाला तयार होईनात. मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले लोक झाले.

१९९० च्या जनगणनेत सायलर सिटीत लॅटिनो लोक शंभरात जेमतेम तीन-चार. २००० मध्ये जवळपास चाळीस. २०१० मध्ये निम्मं गाव! एका पिढीत गावाचा चेहरा बदलला, आणि असं झालं की जे होतं तेच झालं. १९९९ मध्ये काउंटी कमिशनर्सचे अध्यक्ष रिक गिव्हन्स यांनी इमिग्रेशन खात्याला पत्र लिहून कागदपत्रं नसलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी मदत मागितली. फेब्रुवारी २००० मध्ये कू क्लक्स क्लॅनचा एके काळचा म्होरक्या डेव्हिड ड्यूक याने इथल्या टाउन हॉलसमोर सभा घेतली. पुढे गंमत अशी झाली, की हेच गिव्हन्स २००० मध्ये एका शिष्टमंडळाबरोबर मेक्सिकोला गेले, ही माणसं जिथून येतात ती गावं त्यांनी बघितली, आणि परत आले ते मत बदलून. असं फार थोड्या राजकारण्यांच्या बाबतीत ऐकायला मिळतं.

कारखानेही स्थिर नव्हते. २००८ मध्ये एक मोठा कारखाना बंद पडला, २०११ मध्ये दुसरा. शेकडो घरांची चूल त्यांवर चालायची. २०१९ मध्ये जुन्या जागेवर नवा कारखाना सुरू झाला आणि पुन्हा शिफ्टचे भोंगे सुरू झाले.

एक पत्रकार, एक ट्रॉफी

या गावाची गोष्ट बाहेर पोचली ती एका पत्रकारामुळे. पॉल कुआद्रोस. आई-वडील मूळचे पेरूचे, स्वतः अमेरिकेत वाढलेला. १९९० च्या दशकाच्या शेवटी पोल्ट्री कारखाने आणि लॅटिनो स्थलांतर यांवर लिहायला तो इथे आला. आला होता स्टोरीसाठी, राहिला कायमचा. (आमच्या धंद्यात हे फार क्वचित होतं. आम्ही कॉफी संपेपर्यंत राहतो.)

त्याच्या लक्षात आलं, की गावातल्या जॉर्डन-मॅथ्यूज हायस्कूलमध्ये बॉलशी जादू करणारी मुलं भरपूर आहेत, पण शाळेला सॉकरची टीमच नाही. शाळेची मैदानं, शाळेचा पैसा, शुक्रवार रात्रीची गर्दी, सगळं अमेरिकन फुटबॉलचं. टीम सुरू व्हावी म्हणून त्याला काही वर्षं शाळेच्या मागे लागावं लागलं. शेवटी २००२ मध्ये टीम झाली आणि हा पत्रकारच कोच झाला. जवळजवळ सगळी मुलं लॅटिनो, बहुतेकांचे आई-वडील कोंबडीच्या कारखान्यात.

तिसऱ्याच सीझनला, २००४ मध्ये, या पोरांनी लहान शाळांच्या गटात राज्याचं विजेतेपद मारलं! ज्या गावात चार वर्षांपूर्वी ‘परत जा’च्या घोषणा झाल्या, त्या गावाच्या नावाने ट्रॉफी आली. कुआद्रोसने त्यावर ‘अ होम ऑन द फील्ड’ हे पुस्तक लिहिलं, ते २००६ मध्ये आलं. २०१४ मध्ये टीमवर ‘लॉस जेट्स’ नावाची टीव्ही मालिकाही आली.

सिनेमा असता तर इथेच ‘द एंड’ पडला असता. पण त्याच पुस्तकात पुढचंही आहे. टीममधल्या काही मुलांकडे कागदपत्रं नव्हती. ट्रॉफी आली, फोटो निघाले, आणि कागद मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे नव्हतेच.

हे एकट्या सायलर सिटीचं नाही. ओरेगनमधलं वुडबर्न हे असंच शेतमजुरांचं गाव. तिथल्या हायस्कूलची टीम वर्षानुवर्षं प्लेऑफमध्ये जायची आणि हात हलवत परत यायची. राज्याचं पहिलं विजेतेपद मिळायला २०१० उजाडावं लागलं. जॉर्जियातलं डाल्टन हे गालिच्यांचं गाव. कारखान्यांमागून लॅटिनो कामगार आले आणि त्यांच्या मुलांनी गावाला सॉकरच्या नकाशावर नेऊन ठेवलं. टॅलेंट आहे का, हा प्रश्न कधीचा निकालात निघालाय. टॅलेंट मैदानातून बाहेर कसं काढायचं, हा खरा प्रश्न आहे.

डाव्या पायाचा मुलगा

संध्याकाळी ब्रे पार्कला गेलो. कुणी बोलावलेलं नाही, कुणी रेफरी नाही. दोन बाजूंना गोल आणि मध्ये पंचवीसएक माणसं. चिल्लीपिल्ली, कॉलेजच्या वयाची पोरं, पोट सुटलेले काकाही. गाड्यांचे दरवाजे उघडे, आतून गाणी. एका टेबलावर कापलेला आंबा, वर तिखट आणि लिंबू. भाची दोन मिनिटं उभी राहिली आणि तिसऱ्या मिनिटाला आत पळाली. तिला कुणी फॉर्म भरायला सांगितला नाही, याचंच तिला नवल!

आणि तो दिसला. पंधरा वर्षांचा असेल. बारीक अंगाचा, पायात एका बाजूने उसवलेले बूट. मला फुटबॉलमधलं फार कळतं असं नाही, पण मैदानावर एकच माणूस घाई करत नसेल तर तो ओळखू येतो. बॉल त्याच्या डाव्या पायाकडे यायचा आणि तिथेच राहायचा. दोन काका अंगावर धावून आले, तर याने नुसता खांदा हलवला. काका एकीकडे, बॉल दुसरीकडे. सगळं मैदान हसलं, काकाही हसले.

खेळ थांबल्यावर तो पाणी प्यायला आला. वडील तिथेच बसले होते. दुसऱ्या शिफ्टला असतात, कोंबडीच्या कारखान्यात. शनिवार मोकळा. त्यांना इंग्रजी थोडंसंच येतं, म्हणून मी विचारायचे आणि मुलगा भाषांतर करायचा. डॉक्टरकडे, बँकेत, शाळेतल्या पालक सभेत, सगळीकडे तोच भाषांतर करतो म्हणे. स्वतःच्याच पालक सभेत स्वतःच दुभाषा!

‘‘तुमचा मुलगा फार छान खेळतो,’’ मी म्हणाले. त्याने ते वडिलांना सांगितलं की नाही, माहीत नाही. लाजून त्याने एकच शब्द म्हटला आणि वडील मोठ्याने हसले. मग ते काहीतरी बराच वेळ बोलले. मुलाने त्याचं एका वाक्यात भाषांतर केलं, ‘‘ते म्हणतात, शाळेच्या टीममध्ये आहे, ते चांगलं आहे. पुढे काय असतं, ते आम्हाला माहीत नाही.’’

पुढे काय असतं?

तर पुढे काय असतं, ते बघू. कारण अमेरिकेतली गंमत ही, की शाळेची टीम हा रस्ता आहे असं वाटतं, पण बहुतेकदा तो रस्ता शाळेच्या फाटकापाशीच संपतो.

युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक क्लब लहान मुलं शोधतात, फुकट शिकवतात, कारण पुढे मुलगा विकला गेला की पैसे मिळतात. फिफाचा नियमच आहे, की खेळाडूच्या ट्रान्स्फरच्या रकमेतला ठरावीक वाटा, पाच टक्क्यांपर्यंत, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. अमेरिकेत मात्र कायद्याची अडचण दाखवत हा नियम अनेक वर्षं दूर ठेवला गेला. मेजर लीग सॉकरने आपण हा वाटा मागू असं जाहीर केलं, ते २०१९ मध्ये. मग छोट्या क्लबने गावातलं गरीब पोरगं शोधून काय मिळवायचं? काहीच नाही. क्लब चालतो तो पालकांच्या फीवर. जो फी भरतो, तो गिऱ्हाईक. ज्याचा डावा पाय सोन्याचा, तो नाही. याला तिकडे ‘पे टू प्ले’ म्हणतात.

कॉलेजचे कोच खेळाडू बघायला जातात, तेही क्लबांच्या मोठ्या टूर्नामेंटला. एका वीकएंडला शेकडो मुलं एकाच जागी दिसतात. सायलर सिटीच्या शाळेची मंगळवार संध्याकाळची मॅच बघायला कोण येणार? त्यात स्कॉलरशिप मोजक्या. २०२५ पर्यंत नियम असा होता, की पहिल्या श्रेणीच्या कॉलेजच्या पुरुष सॉकर टीमला एकूण ९.९ स्कॉलरशिप. साडेनऊही नाही आणि दहाही नाही! अख्ख्या टीममध्ये तुकडे करून वाटायच्या. अमेरिकन फुटबॉलला त्याच वेळी ८५.

मुलींचं तर आणखी अवघड. सायलर सिटीहून तासाभराच्या आत चॅपल हिल आहे. तिथल्या मुलींच्या टीमने कॉलेज सॉकरची २२ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली आहेत, मिया हॅम तिथलीच. पण इथली मुलगी शाळा सुटली की धाकट्या भावंडांना सांभाळते, कारण आईची शिफ्ट असते.

बरं, व्यावसायिक क्लबांच्या अकादम्या आता बहुतेक ठिकाणी फुकट आहेत. पण त्या मोठ्या शहरांत. खेड्यातल्या मुलासाठी त्याचा अर्थ असा, की आधी घर सोडा. रिकार्डो पेपी टेक्सासच्या सरहद्दीवरच्या सॅन एलिझारियो या छोट्या गावात वाढला. डॅलसच्या अकादमीसाठी लहानपणीच गाव सोडावं लागलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. क्लिंट डेम्प्सी लॅटिनो नाही, पण टेक्सासच्या नॅकोग्डोचिस गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांबरोबर खेळून शिकला. आई-वडील त्याला प्रॅक्टिससाठी तीन-तीन तास गाडी चालवून डॅलसला न्यायचे. पुढे तो तीन विश्वचषकांत गोल करणारा खेळाडू झाला. कॅलिफोर्नियातल्या लोम्पॉक या शेतीच्या गावचा हुलियन अराउहो अमेरिकेकडून खेळला आणि २०२१ मध्ये मेक्सिकोकडे गेला.

या गोष्टी वाचताना आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की होतं. पण डेम्प्सीच्या त्या तीन तासांत आणखी एक गोष्ट होती. गाडी चालवणाऱ्याच्या खिशात लायसन्स होतं.

खिशातला कागद

नॉर्थ कॅरोलिनात २००६ च्या कायद्यानंतर कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या माणसाला ड्रायव्हिंग लायसन्स मिळत नाही. आणि इथे गाडीशिवाय गावाबाहेर पडायची सोय नाही. या गावांत घराघरांत एकच चित्र असतं. मुलगा इथे जन्मलेला, अमेरिकन नागरिक. वडील किंवा आई बिनकागदाचे. कामावर जाणं टाळता येत नाही, त्यामुळे तेवढी जोखीम घ्यायची. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी, अंधारात, मुलाच्या खेळासाठी चाळीस मैल? वाटेत पोलिसांनी नुसतं टेललाइटसाठी थांबवलं, तरी गोष्ट कुठवर जाईल सांगता येत नाही. मुलगा नागरिक असूनही त्याचा खेळ वडिलांच्या खिशातल्या, नसलेल्या कागदावर अडतो.

मुलाकडेच कागद नसेल तर? १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे सरकारी शाळेत त्याला कुणी अडवू शकत नाही. बारावीपर्यंत तो सगळ्यांसारखाच. त्यानंतर दार बंद. नॉर्थ कॅरोलिनात अशा मुलाला बाहेरच्या राज्याची फी लागते. साध्या कम्युनिटी कॉलेजात इथल्या मुलाला एका क्रेडिटला ७६ डॉलर पडतात, तिथे याला २६८. सरकारी आर्थिक मदत नाही. २०१२ मध्ये ओबामांनी ‘डाका’ आणलं, लहानपणी आलेल्या मुलांना काम करायची तात्पुरती परवानगी मिळाली. पण अट अशी, की १५ जून २००७ पासून अमेरिकेत राहत असला पाहिजे. म्हणजे आज शाळेत असलेल्या, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाने ती अट पूर्ण करायची तर जन्माआधीच यायला हवं होतं!

त्या मुलाकडे कोणते कागद आहेत, हे मी विचारलं नाही. पाहुण्याने हा प्रश्न विचारायचा नसतो, एवढं बेकरीपासून मैदानापर्यंतच्या दोन तासांत कळलं होतं.

परतीच्या वाटेवर ताई गप्प होती. पिट्सबरो गेलं, लेक गेलं. मग एकदम म्हणाली, ‘‘हिचंही एकवीस वर्षांपर्यंतच आहे, माहितीय ना?’’

मला लगेच कळलं नाही. मागच्या सीटवर भाची झोपली होती. भाची पुण्यात जन्मलेली, म्हणजे ती इथे आई-वडिलांच्या व्हिसावर. जिजूंचं ग्रीन कार्ड रांगेत. भारतीयांची ही रांग इतकी लांब आहे, की एकेकाचं अर्धं आयुष्य त्यात जातं. तोवर मुलगी एकवीसची झाली, की वडिलांच्या व्हिसावरून उतरली. मग स्वतःचा स्टुडंट व्हिसा, नाहीतर परत. ‘डाका’ तिलाही नाही. तीन हजार डॉलर, ब्रँडेड किट, हिरवं मैदान, सगळं आहे. फक्त खिशातल्या कागदावर तारीख घातलेली आहे.

‘‘पण आपलं वेगळं आहे,’’ ताई स्वतःशीच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, ‘‘म्हणजे, पुष्कळच वेगळं आहे.’’ आणि ते खरंच आहे. आम्ही लायसन्स असलेली गाडी चालवत घरी चाललो होतो.

सोमवारचं ई-मेल

मैदानावरून निघताना भाचीने त्या मुलाला विचारलं होतं, ‘‘तू आमच्या क्लबमध्ये का नाही येत? मेमध्ये ट्रायआउट असतात.’’ पोरांना असले प्रश्न सुचतात. तो म्हणाला, ‘‘किती लांब आहे?’’ ती म्हणाली, ‘‘घरापासून दहा मिनिटं.’’ तो हसला. कुणाच्या घरापासून, हे त्याने विचारलं नाही.

रात्री ताईने लॅपटॉप उघडला. क्लबच्या साइटवर आर्थिक मदतीचं पान होतं, बऱ्यापैकी खाली, पण होतं. तिने कोचला ई-मेल केलं, एक मुलगा बघितलाय, डावखुरा आहे, कमालीचा आहे, फी माफ होईल का? रविवारी तिने चार वेळा मेल चेक केलं. मीसुद्धा केलं, तिच्या खांद्यावरून.

सोमवारी उत्तर आलं. मनापासून लिहिलेलं, चांगलं उत्तर होतं. मुलाला नक्की आणा. गुणवत्ता असेल तर फी पूर्ण माफ होऊ शकते. युनिफॉर्मचंही बघू. मंगळवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी प्रॅक्टिस. शेवटी एक ओळ, सगळ्यांनाच पाठवतात तशी: येण्या-जाण्याची जबाबदारी पालकांची राहील.

ताईने मॅपवर अंतर टाकलं. एका बाजूने चाळीस मैल.

‘‘मंगळवारी मला जमेल,’’ ती म्हणाली. ‘‘बुधवारचं बघायला लागेल.’’

---

जायचं असेल तर...

कसं जाल? रॅले किंवा कॅरीहून यूएस ६४ ने पश्चिमेला, पिट्सबरोमार्गे. पाऊण ते एक तास. बस वगैरे विसरा, गाडी हवीच.

कधी? नॉर्थ कॅरोलिनात शाळांच्या मुलांचा सॉकर सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर, मुलींचा वसंतात. शाळेची मॅच बघायला मिळाली तर चुकवू नका. झाडांचे रंग बघायचे तर ऑक्टोबर.

काय खाल? बेकरीतला कोंचा आणि मैदानाच्या कडेला मिळणारा तिखट-लिंबू लावलेला आंबा. आपल्या जिभेला लगेच पटतो.

काय वाचाल? पॉल कुआद्रोस यांचं ‘अ होम ऑन द फील्ड’. जाण्याआधी वाचा. त्या गावात नुसता पाव खाऊन परत येऊ नये.